मुलांच्या लॅपटॉपचा माऊस आणि टचपॅड पुन्हा पुन्हा का बिघडतो, आणि टिकणारा कसा निवडायचा

मी नाशिकला सिडकोत लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. शाळा सुरू झाल्या की एक तक्रार हमखास येते. लॅपटॉप चांगला आहे, पण पोराला दिलेला माऊस टिकत नाही. पहिल्याचं क्लिक गेलं, दुसऱ्याची वायर गेली, तिसरा वायरलेस घेतला तर त्याचा रिसीव्हर, म्हणजे लॅपटॉपला लावायची इवलीशी पिन, हरवला. मग पोर टचपॅडवर आलं आणि आता टचपॅडचा बाणही स्क्रीनभर उड्या मारतोय. आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो: “एकदाच काय तो चांगला घेऊ, कुठला घेऊ सांगा.”

नवा घेण्याआधी जुना कुठे मेला ते बघा. बहुतेक घरांत दर वेळी तोच भाग जातो, पण खरेदी मात्र रंग, दिवे आणि किंमत बघून होते. मग नवा माऊसही त्याच जागी मोडतो.

माझं मत स्पष्ट आहे. मुलांच्या हातात दिलेल्या वस्तूतलं काहीतरी मोडणारच. ते वापरतात म्हणूनच मोडतं. मोडणारा भाग स्वस्त असावा, लॅपटॉपच्या बाहेर असावा आणि बदलता यावा, एवढं आपण पाहायचं. घराच्या बोर्डातला फ्यूज उडतो म्हणून वायरिंग वाचतं, तसं. टचपॅड हा लॅपटॉपच्या पोटातला भाग आहे. तो बदलायला अख्खा लॅपटॉप उघडावा लागतो आणि काही मॉडेलमध्ये बॅटरी, मदरबोर्ड बाहेर काढल्याशिवाय हात पोचत नाही. यूएसबी पोर्टचंही तसंच. हे दोन भाग वाचवणारी निवड ती टिकाऊ निवड.

सगळ्यात आधी: टचपॅड वर उचललाय का?

ही तपासणी माऊसची नाही, पण ती पहिली करा. लॅपटॉप बंद करून सपाट ओट्यावर ठेवा. तो डुगडुगतो का? टचपॅडची एक कड बाजूच्या पत्र्यापेक्षा वर आलीय का? क्लिक दाबताना आधी नीट बसायचं, आता दाबलंच जात नाही किंवा आपोआप दाबलेलं राहतं, असं होतंय का? झाकण पूर्ण मिटत नाही का?

आजच्या बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी तळहात टेकतो त्या भागाच्या खाली असते. ती फुगली की टचपॅडला खालून ढकलते. तक्रार “टचपॅडचं बटण गेलं” अशी येते आणि आत उघडून बघावं तर बॅटरीची उशी झालेली असते. अशा वेळी चार्जर लगेच काढा, लॅपटॉप बंद करा, टचपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका आणि बॅटरीला टोकदार काहीही लावू नका. लिथियम बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेते. मुलाला तो लॅपटॉप तेवढ्यापुरता अजिबात देऊ नका. बॅटरी बदलली की पुष्कळदा टचपॅड पूर्ववत चालतो, त्याला वेगळा खर्च लागत नाही.

बाण उड्या मारतो

बॅटरी ठीक असेल तर पुढची चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. चार्जर काढा आणि टचपॅड वापरून बघा. उड्या थांबल्या? मग दोष टचपॅडचा नाही, विजेचा आहे.

टचपॅडच्या खाली तारांची बारीक जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जाळीतल्या विद्युतभारात अगदी किंचित बदल होतो आणि तो मोजून लॅपटॉप बोटाची जागा ठरवतो. मोजमाप इतकं नाजूक, की चार्जरमधून येणारा गोंगाट, म्हणजे विजेतले नको असलेले चढउतार, त्यात मिसळला तर लॅपटॉपला नसलेली बोटं दिसायला लागतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांत, पंचवटीतल्या जुन्या खोल्यांत, आणि खरं सांगायचं तर नव्या फ्लॅटमधल्या वाढीव पॉइंटवरही, तीन पिनच्या सॉकेटला तिसऱ्या भोकात अर्थिंगची वायरच नसते. कधी वायर असते पण घरमालकाने तीन पिनचं दोन पिन करणारा अडॅप्टर लावलेला असतो. लॅपटॉपची बॉडी धातूची असेल तर मनगटाला बारीक झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की मिणमिणतो. हे मुलाच्या अंगाशी असलेलं यंत्र आहे, म्हणून “थोडंसंच येतं” म्हणून सोडू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. तेवढा वेळ नसेल तर मुलाला बॅटरीवर काम करू द्या आणि चार्जिंग वापर संपल्यावर लावा. चार्जर बाजारातला बदली असेल तर मूळ कंपनीचा लावून एकदा बघाच. दोन पिनच्या हलक्या चार्जरचा गोंगाट अर्थिंग सुधारूनही जात नाही.

चार्जर काढूनही उड्या चालूच असतील तर हात बघा. पावसाळ्यात, विशेषतः त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला, हात कधी पूर्ण कोरडे नसतात. भिजून आलेलं मूल टॉवेलला हात न पुसता लॅपटॉप उघडतं, किंवा चिवड्याचे तेलकट हात तसेच टेकवतं. पाण्याचा थर बोटासारखाच वीज वाहतो, त्यामुळे टचपॅड गोंधळतो. मऊ सुती कापड किंचित ओलं करून, नीट पिळून, लॅपटॉप बंद असताना पुसायचं आणि मग कोरड्या कापडाने. टचपॅडवर कार्टूनचं स्टिकर किंवा कारखान्यातून आलेली प्लॅस्टिकची फिल्म असेल तर ती काढून टाका.

हा त्रास मुलांसाठी खास बनवलेल्या लॅपटॉपलाही चुकलेला नाही. २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप आला. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरातच्या शाळेत त्याचा प्रयोग झाला. कीबोर्ड रबराचा, अखंड, धूळ-पाणी आत न जाणारा. यंत्र मुलांचा विचार करून घडवलेलं. तरी त्याचा टचपॅड बदनाम झाला. मधल्या भागात बोटाने चालणारा आणि दोन्ही बाजूंना काडीने लिहिता येईल असा रुंद, दुहेरी टचपॅड दिला होता. घाम, दमटपणा यांनी त्याचा बाण भरकटायचा आणि कीबोर्डच्या चारही कोपऱ्यांतल्या कळा एकदम दाबून तो पुन्हा जुळवून घ्यावा लागायचा. पुढे साधा टचपॅड बसवला गेला. मुलांच्या यंत्रात भागाला जितकी जास्त कामं, तितकी बिघडायची ठिकाणं जास्त, हे मी या उदाहरणावरून पालकांना सांगतो.

आजच्या लॅपटॉपवर तसं जुळवून घ्यायचं असेल तर आधी हात टचपॅडवरून पूर्ण उचलून काही सेकंद थांबा. फरक नाही पडला तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा आणि मग सुरू करा. निफाडकडच्या कोरड्या थंडीत, स्वेटर आणि सिंथेटिक ब्लँकेटमध्ये बसून काम करणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपला यानेच बरं वाटल्याचं मी बघितलंय.

राहिला तळहात. टाइप करताना लहान मुलाचा अख्खा हात टचपॅडवर टेकतो, कारण त्याला मनगट उचलून धरता येत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये टचपॅड उघडा आणि संवेदनशीलता एक-दोन पायऱ्या खाली आणा. तिथेच बाहेरचा माऊस जोडल्यावर टचपॅड आपोआप बंद होईल अशी सोय आहे, तीही लावा. टचपॅड अजिबात चालतच नसेल तर दुरुस्तीला आणण्याआधी वरच्या ओळीतली टचपॅडचं चित्र असलेली कळ, गरज पडल्यास एफएन कळेसोबत, एकदा दाबून बघा. चुकून बंद केलेले टचपॅड माझ्याकडे कितीतरी येतात आणि त्याचे मी पैसे घेत नाही.

क्लिक दोनदा होतं किंवा पकडलेलं सुटतं

माऊसचा हा सगळ्यात मोठा आजार. फोल्डरवर एकदा टिचकी मारली तरी ते उघडतं. फाइल ओढत नेताना मध्येच गळून पडते. मजकूर सिलेक्ट करताना निवड मोडते. मुलाला वाटतं आपलंच चुकतंय आणि ते आणखी जोरात दाबतं.

खात्री करायला पेंट उघडा. डावं बटण दाबून ठेवून सावकाश एक लांब रेघ ओढा. रेघ मध्ये तुटली तर संशय पक्का. आता ‘रंग २’ लाल करा, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं दिसणार नाही, आणि तशीच रेघ उजव्या बटणाने ओढा. ती अखंड आली तर वायर चांगली, सेन्सर चांगला, फक्त डावा स्विच गेला. दोन्ही रेघा तुटल्या तर वायर किंवा पोर्टकडे वळा.

तातडीचा इलाज सेटिंगमध्ये आहे. माऊसच्या सेटिंगमध्ये मुख्य बटण डाव्याऐवजी उजवं करा. परीक्षा किंवा प्रोजेक्ट तोंडावर असेल तर मुलाचं काम अडत नाही. ही सेटिंग त्या लॅपटॉपला लावलेल्या प्रत्येक माऊसला लागू होते, म्हणून नवा माऊस आला की आठवणीने परत फिरवा.

पक्का इलाज आत आहे. माऊस उलटा केला की खाली गुळगुळीत पट्ट्या दिसतात, त्यांच्याखाली किंवा लेबलखाली एक-दोन स्क्रू असतात. वरचं टरफल निघालं की पुढच्या बाजूला डावीकडे-उजवीकडे दोन छोटे काळे डबे दिसतात, प्रत्येकाच्या डोक्यावर बारीकसा दाणा. हेच मायक्रोस्विच. आत तांब्याची पातळ पट्टी असते, दाबलं की ती टक्‌कन खाली वाकून संपर्कबिंदूला टेकते. टेकताना ती सूक्ष्म उसळ्या घेते, म्हणून माऊसचा चिप काही मिलिसेकंद थांबून मगच एक क्लिक मोजतो. पट्टी थकली किंवा संपर्कबिंदू काळवंडला की उसळ्या लांबतात, चिपची थांबायची वेळ पुरत नाही आणि एका दाबाचे दोन क्लिक होतात.

बहुतेक माऊसमध्ये डावा-उजवा दोन्ही स्विच अगदी एकसारखे असतात आणि उजवा जवळजवळ कोरा असतो. तीन पायांचं कथील काढून दोन्हींची अदलाबदल केली की माऊसला दुसरा जन्म मिळतो, नवा भाग एकही लागत नाही. सोल्डरिंग येणारा मोठा भाऊ घरात असेल तर त्याला हे जरूर करू द्या. स्विचमध्ये खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल मात्र घालू नका. लोक घालतात, दोन दिवस बरं चालतं आणि मग धूळ चिकटून कायमचा चिखल होतो.

स्विचच्या आयुष्याचा आकडा काही डब्यांवर छापलेला असतो. ५० लाख क्लिक ऐकायला खूप वाटतं. पण भराभर क्लिक मारायचे गेम खेळणाऱ्या मुलाचे रोज १० हजार क्लिक धरले तर ते ५०० दिवसांत संपतात. तोच आकडा २ कोटीचा असेल तर हिशेब बदलतो. गेम खेळणाऱ्या मुलासाठी माऊस घेताना दिव्यांऐवजी हा आकडा विचारा. क्लिकसाठी तांब्याच्या पट्टीऐवजी प्रकाशकिरण वापरणारे ऑप्टिकल स्विचही आता मिळतात. त्यात संपर्कबिंदूच नाही, त्यामुळे दोनदा क्लिकचा हा दोष उद्भवत नाही. किंमत जास्त असते, शाळेच्या कामापुरती ती गरज नाही.

माऊस मध्येच मरतो, पुन्हा जिवंत होतो

लॅपटॉप मध्ये मध्ये उपकरण लावल्या-काढल्याचा आवाज करत असेल तर वायर किंवा पोर्ट. माऊस स्थिर ठेवून वायर माऊसच्या तोंडाशी, मग यूएसबी पिनच्या मानेशी हळू वाकवा. वायर जवळजवळ नेहमी या दोन ठिकाणीच, पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये आतून तुटते. कारण एकच: काम झालं की वायर माऊसभोवती करकचून गुंडाळून दप्तरात टाकायची सवय. तोंडाशी काटकोनात वाकलेली तांब्याची बारीक तार रोज थोडी थोडी तुटत जाते. सैल वेटोळं करून वेल्क्रोची पट्टी लावायला मुलाला शिकवा, पहिलीतल्या मुलालाही ते जमतं.

तुटलेला तुकडा कापून पुढची वायर पुन्हा जोडता येते. आत चार तारा असतात. साधारणपणे लाल विजेची, काळी ग्राउंडची, हिरवी आणि पांढरी माहितीची, पण स्वस्त माऊसमध्ये रंग कसेही लावलेले असतात, म्हणून कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वायर चांगली आणि पिन हलवली की माऊस जातो-येतो, तर पोर्ट ढिला झालाय. साध्या चौकोनी यूएसबी जोडणीसाठी मानकात किमान १५०० वेळा लावणं-काढणं धरलेलं आहे, टाइप-सीसाठी १०,०००. शाळेतून आल्यावर लाव, जेवताना काढ, परत लाव, असं रोज चार वेळा झालं तर १५०० चा आकडा साधारण वर्षभरात गाठला जातो. लॅपटॉप गादीवर, बाजूला पिन बाहेर आलेली, आणि त्यावर धाकट्याचा गुडघा, हे तर एका दिवसाचं काम आहे. पोर्ट मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो आणि कधी कधी बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडूनच बाहेर येतो.

म्हणून प्रत्येक पालकाला मी एक स्वस्त वस्तू घ्यायला लावतो: वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर. ती लॅपटॉपला कायमची लावून ठेवायची, माऊस तिच्या दुसऱ्या टोकाला लावायचा-काढायचा. झीज एक्स्टेन्शनची होते. ओढाताण झाली तर जोड तिथे सुटतो, पोर्टवर झटका येत नाही. या लेखातली एकच गोष्ट कराल तर ही करा.

वायरलेस घ्यावा का?

दहा वर्षांखालच्या मुलासाठी माझा सल्ला नाही असा आहे. रिसीव्हर नखाएवढा असतो, हरवतो, आणि घरात रांगतं बाळ असेल तर ते तोंडात घालतं. बटणासारखा सेल लागणारा कुठलाही माऊस किंवा रिमोट तर लहान मूल असलेल्या घरात नकोच. तो सेल गिळला तर अन्ननलिका भाजते आणि क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठावा लागतो.

मोठ्या मुलाचा वायरलेस माऊस अडखळत असेल तर रिसीव्हर कुठे लावलाय ते बघा. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि वायरलेस माऊस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच हे तपासून प्रसिद्ध केलं होतं. निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क आणि शेजारी रिसीव्हर असेल तर माऊस रखडणारच. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टला किंवा वर सांगितलेल्या एक्स्टेन्शनच्या टोकाला लावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जाताना सेल काढून ठेवा, नाहीतर परत येईपर्यंत तो आत पाझरलेला असतो.

माऊस चांगला, जागा वाईट

ऑप्टिकल माऊस पोटाखालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि एका फोटोतले बारीक खडबडीत ठिपके पुढच्यात कुठे सरकले ते बघून बाण हलवतो. काच, चकचकीत सनमायका, गुळगुळीत प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ यांवर त्याला ठिपकेच दिसत नाहीत. आधी रबराच्या तळाचा कापडी पॅड द्या आणि मग माऊसला दोष द्या. पॅड नसेल तर वहीचा पुठ्ठाही चालतो. खाली सेन्सरच्या भोकात केस किंवा धागा अडकला तरी बाण थरथरतो. कोरड्या कापसाच्या काडीने तो निघतो. रस्त्यांची खोदाई चालू असलेल्या भागात, खिडकीपाशी अभ्यासाचं टेबल असेल तर ही सफाई महिन्यातून एकदा लागतेच.

आपल्याकडे बरीच मुलं सतरंजीवर बसून, चौरंगावर लॅपटॉप ठेवून अभ्यास करतात. चौरंगावर माऊसला जागा उरत नाही, मग तो मांडीवर किंवा गादीवर फिरवला जातो आणि अडला की आपटला जातो. अशा घरात दोन पर्याय जास्त टिकतात. एक ट्रॅकबॉल: तो स्वतः हलत नाही, फक्त चेंडू फिरतो, वायरला ओढ बसत नाही. बोटांवर अजून ताबा नसलेल्या लहान मुलांना मोठ्या चेंडूचा ट्रॅकबॉल माऊसपेक्षा सोपा जातो. चेंडू काढून आतले तीन बारीक टेकू पुसत राहावे लागतात, आणि चेंडूवर अडवणारी कडी आहे ना ते बघून घ्यावं.

दुसरा पर्याय पालकांना सहसा माहीत नसतो. ऑफिसमधून निघालेले जुने थिंकपॅड सेकंडहँड बाजारात भरपूर येतात. त्यांच्या कीबोर्डच्या मधोमध लाल टोपीची छोटी काडी असते. १९९२ च्या थिंकपॅड ७०० सी पासून ती चालत आलीय. तिला पृष्ठभाग लागत नाही, ओल्या हाताचा फरक पडत नाही, टोपी झिजली तर नुसती टोपी बदलायची. बाण आपोआप एका बाजूला सरकायला लागला तर बोट उचलून काही सेकंद थांबलं की ती स्वतःच जुळते. मुलं चार दिवस कुरकुरतात, मग सरावतात. शिवाय या लॅपटॉपपैकी अनेकांना टचपॅडच्या वर वेगळी तीन बटणं असतात, आणि वेगळी बटणं मुलांच्या हातात क्लिकपॅडपेक्षा, म्हणजे वेगळी बटणं नसलेल्या आणि अख्खाच दाबल्या जाणाऱ्या टचपॅडपेक्षा, कितीतरी जास्त काळ जगतात. क्लिकपॅड वरच्या कडेला बिजागरीसारखा धरलेला असतो, खालच्या कडेलाच नीट दाबला जातो. मूल वरच्या भागात जोर लावतं आणि खालचा एकुलता एक स्विच थकतो. घरात क्लिकपॅडच असेल तर ‘टॅप टू क्लिक’ चालू करा आणि मुलाला टिचकीची सवय लावा, दाबायची नको.

जोरात का दाबतात, तेही बघा

एक आई सातवीतल्या मुलाला घेऊन आली होती. “दादा, हळू वापर, हळू वापर सांगून माझा घसा बसला.” मी मुलाला म्हटलं, “बाळा, रोजचं काम करून दाखव.” बाणाचा वेग इतका कमी होता की स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकाला जायला त्याला माऊस तीनदा उचलून ठेवावा लागत होता, दर वेळी तो टेबलावर आपटत होता. डबल क्लिकचा वेग वरच्या टोकाला, त्यामुळे त्याचं डबल क्लिक लॅपटॉपला कळतच नव्हतं आणि तो चार-पाच वेळा ठोकत होता. “काका, ऐकतच नाही तो,” असं त्याने सांगितलं आणि ते खरं होतं. बाणाचा वेग वाढवला, आकार मोठा केला, डबल क्लिकचा वेग मधल्याच्या खाली आणला. तिथल्या तिथे हात हलका झाला. नवा माऊस देण्याआधी या तीन सरकपट्ट्या मुलाला शेजारी बसवून जुळवा.

दुकानात उभं असताना

वायरचा, दोन बटणं आणि एक चाक असलेला, दोन्ही बाजूंनी सारखा माऊस घ्या. डावखुऱ्या मुलाला तो तसाच चालतो, त्याला उजव्या हाताची सक्ती करायची गरज पडत नाही. प्राथमिक शाळेतल्या मुलासाठी साधारण दहा सेंटीमीटर लांबीचा पुरे. तळहात टेकून बोटं बटणांच्या पुढच्या टोकापर्यंत आरामात पोचली पाहिजेत. म्हणून मुलाला सोबत न्या. ८०० ते १००० डीपीआय (माऊस किती बारीक हालचाल टिपतो त्याचा आकडा) शाळेच्या कामाला भरपूर आहे. जाळीदार टरफलाचा हलका गेमिंग माऊस मुलांना नको, त्याच्या भोकांतून चिवड्याचा चुरा थेट स्विचवर पडतो.

वायर जिथे माऊसमध्ये शिरते तिथली रबरी मान बोटाने वाकवून बघा. लांब आणि मऊ मान गोल वळते, आखूड आणि कडक मान एका जागी मोडते. कापडी वेणीची वायर मजबूत दिसते, पण ती ताठ असेल तर मानेवरचा ताण वाढतो. मी मऊ रबरी वायर पसंत करतो. खाली स्क्रू आहेत का, की टरफल डिंकाने बंद केलंय, हेही बघा. स्क्रू असलेला उघडता येतो, म्हणजे दुरुस्त होतो. एम.जी. रोडला किंवा आपल्या भागातल्या दुकानात लॅपटॉपला लावून दाखवा म्हणायला संकोच करू नका. चाक सावकाश फिरवा, पान मागेपुढे उडी मारायला नको. बिलावर वॉरंटीचा कालावधी लिहून घ्या. वायर तुटणं, पडणं, पाणी जाणं त्यात सहसा बसत नाही, ते आधीच विचारा.

नवा लॅपटॉपच घेत असाल तर डब्यावरच्या ‘मिल-स्टँडर्ड ८१०’ या शब्दांवर थांबू नका. अमेरिकी लष्कराची ती चाचण्यांची पद्धत आहे, त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या ते बनवणारी कंपनी ठरवते. पडण्याची केली का, धुळीची केली का, हे विचारा. पाणी सांडलं तरी चालेल असा कीबोर्ड म्हणजे टचपॅडही तसाच, असं नसतं. टचस्क्रीन घेतली की माऊस लागणार नाही हा हिशेबही साध्या बिजागरीच्या लॅपटॉपवर चुकतो, कारण मुलं स्क्रीनला ढकलतात आणि बिजागरी ढिली होते.

शाळा, अभ्यासिका किंवा क्लासमध्ये दहा-वीस लॅपटॉप सांभाळणाऱ्यांनी एकाच मॉडेलचे माऊस घ्यावेत. एकाची वायर जाते, दुसऱ्याचा स्विच जातो, आणि दोन मेलेल्यांतून एक चांगला माऊस उभा राहतो. वायरला यूएसबी पिनच्या अलीकडे एक सैल वेढा देऊन तो टेबलाच्या पायाला बांधा, म्हणजे ओढ पायावर येते. मागच्या बाकावरून जाणाऱ्या मुलाच्या पायात वायर अडकली तरी लॅपटॉप जागचा हलत नाही.